झाकण लावण्याआधी

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या पूर्णावहिनीवर, माघ पौर्णिमेच्या सकाळी. कळा सुरू झाल्या होत्या आणि प्रत्येक फोनला एकच उत्तर मिळत होतं, "अँब्युलन्स येऊन राहिली." आली नाही. दरेकशाच्या जंगलात गाव असणं हा गुन्हा आहे का, हे मी पर्च्यात छापून वाटलं आहे, पुन्हाही वाटीन. पण त्या सकाळी पुढे जे घडलं ते पर्च्यात मावत नाही.

मी अंगणात बाबांच्या जुन्या जीपचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बदलत होतो. बाबा होते तोवर हे काम त्यांचं. कचारगडच्या जत्रेला गावातल्या म्हाताऱ्यांना पायथ्यापर्यंत सोडायचं, म्हणून दर माघात ते कूलंट बदलायचे. इंजिन थंडगार झालं की खालचा नळ उघडून मळकं पाणी डालड्याच्या डब्यात काढायचं आणि डब्यावर लगेच फळी ठेवायची. ते गोड असतं, शेळी चाटली तर मरते. मग साध्या पाण्यानं धुऊन नवं हिरवं कूलंट भरायचं. शेवटचा भाग मला लहानपणी फार कंटाळवाणा वाटे. इंजिन चालू, रेडिएटरचं झाकण उघडं, आणि बाबा महादेवाचं नाव घेत बुडबुडे संपायची वाट बघत उभे. "आतली हवा आपल्या घाईनं निघत नाही रे," म्हणायचे. त्यांच्या बनियनला येणारा तेलाचा, घामाचा वास अजून त्या बॉनेटखाली आहे असं मला वाटतं.

मी कूलंट ओतून इंजिन सुरू केलं तोच वहिनीची सासू, यमुनाकाकू, कुंपणापाशी आली. "काऊन बे, तुये पर्चे बाळंतपण करतीन का? गाडी काढ!"

"काढून राहिलो ना, काकू! वहिनीले बाहेर आणा."

बुडबुडे येतच होते. तरी मी लावायला झाकण उचललं. नाव घेत उभं राहायला वेळ कोणाला होता?

एवढ्यात फाटकात एक म्हातारी दिसली. अनवाणी, गळ्यात पिवळा दुपट्टा, कचारगडला निघालेली. "बाबू, पानी पिला दे."

अंगाची आग झाली. आत्ताच? पण आमच्या दारातून तहानलेलं कोणी जात नाही, हा बाबांचा नेम. झाकण न लावता बाजूला ठेवून लोटा आणला. ती सावकाश, घोट घोट प्यायली. मी नुसता उभा. हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि कधी नव्हे ते ओठांवर महादेवाचं नाव आलं. तेव्हाच रेडिएटरनं मोठा ढेकर दिला आणि काठोकाठ भरलेलं कूलंट सर्रकन खाली गेलं.

म्हातारी हसली. "ले, इसको भी प्यास लगी है!"

उरलेली बाटली जवळजवळ सगळी आत गेली. एवढी जागा हवेनं अडवली होती. तसाच निघालो असतो तर घाटात इंजिन तापलं असतं, आणि वहिनी जंगलातच अडकली असती.

घाटभर काकू मला शिव्या देत होती, वहिनीचा हात घट्ट धरून. तापमानाचा काटा मधोमध होता, हललाही नाही. दवाखान्यात पोचलो आणि थोड्याच वेळात मुलगी झाली. दोघी सुखरूप. अँब्युलन्सवाल्यांचा फोन त्यानंतर आला, पत्ता विचारायला.

संध्याकाळी रस्त्यावर उभा राहून परतणाऱ्या जत्रेत त्या म्हातारीला शोधलं. पिवळे दुपट्टे पुष्कळ होते, ती नव्हती. आई म्हणते, तुझ्या बाबांनीच धाडली असेल. वाद घालणं हे माझं कामच आहे, पण इथे घालत नाही. महादेवा, तुझे उपकार. देवावर सोडून देणं म्हणजे हातपाय गाळणं, असं मी समजत होतो. बाबा तर हात काळे करून, सगळं भरून झाल्यावर मग नाव घेत उभे राहायचे.

तुमच्या दारात जुनी गाडी आहे ना? मग उद्या सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंट बदला. बुडबुडे संपेपर्यंत झाकण लावू नका, तेवढा वेळ ज्याला मानता त्याचं नाव घ्या. आणि हात धुतले की शेजारी जाऊन सांगा, "अँब्युलन्स नाही आली, तर मला हाक मारा."