राखलेले फोटो

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मी फोनची काच बदलायला गेले होते. शेजारी साठीच्या एक बाई पाण्यात पडलेला फोन घेऊन उभ्या होत्या. “फोन गेला तर जाऊ दे, आमच्या ह्यांचे फोटो तेवढे काढून द्या. हे आता नाहीत,” त्या म्हणाल्या. दुकानदाराने बराच वेळ खटपट केली आणि शेवटी मान हलवली.

“काकू, दुसरीकडे कुठे ठेवले नव्हते का?”

“फोनमध्ये होते की!” एवढंच म्हणून त्यांनी तो फोन रुमालात गुंडाळला.

फोटो काढला म्हणजे तो राहिला, असं मीही धरून चालले होते. पण काढायला क्षण पुरतो. राखायला मात्र बसावं लागतं.

रविवारी सकाळीच बसले. ‘शुभ सकाळ’ची शेकडो चित्रं पुसली, तेव्हा त्यांच्या गर्दीतून आई सापडली, पापड लाटता लाटता वर बघून हसणारी. फोटोंना गाव आणि साल लिहिलं, सगळे दोन हार्ड डिस्कवर उतरवले आणि भावाला फोन केला.

“एक डिस्क तुझ्याकडे पाठवतेय. दर दिवाळीला लावून बघायची.”

“एवढा खटाटोप कशाला गं?”

“आई एकदा गेलीय. पुन्हा जाऊ द्यायची नाही मला.”

तो म्हणाला, “पाठव.”