कोरी वाळू आणि भिंगरी

भिंगरी हे नाव तिला आत्याने ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की पाळण्यातलं नाव कागदोपत्रीच राहिलं. एका जागी बसणं म्हणजे काय, हे या बाईच्या हाडांना कुणी शिकवलंच नव्हतं. जेवण उभ्याने, फोनवर बोलणं घरभर फिरत. झोपेतही पाय चालूच. खोटं वाटत असेल तर तिच्या नवऱ्याच्या पोटऱ्या बघा.

आणि नवरा कोण मिळावा? पासपोर्ट फोटोवाला! जोड्या जुळवणारा वर कुणी बसला असेल तर तो त्या दिवशी भलताच मजेत असणार. पंधरा बाय आठचं दुकान, एक स्टूल, मागे पांढरा पडदा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. नवरा हनुवटीला बोट लावून गिऱ्हाइकाला सरळ करायचा, "हलू नका" म्हणायचा, आणि गिऱ्हाईक तर सोडाच, भिंतीवरची पालसुद्धा थांबायची. त्या दुकानात भिंगरीने अकरा वर्षं काढली. पुढे सायकलींच्या शर्यती, शाळांचे खेळ, घोडे, जे जे पळतं त्याचे फोटो काढत ती शहरभर फिरायला लागली. त्या सायकलींच्या फोटोंवर एका सिनेमावाल्याची नजर पडली.

सिनेमा होता वाळवंटातल्या मोटारसायकल शर्यतीचा. सिनेमा काढणारे कॅमेरे वेगळे. भिंगरीचं काम त्या कॅमेऱ्यांच्या मागे. कोण घाम पुसतंय, कोण चाक बदलतंय, नायिका ओठांवरची वाळू कशी थुंकतेय, सगळ्याचे फोटो काढायचे, आवाज न करता आणि कुणाच्या चौकटीत न येता. आणि शेवटी पोस्टरसाठी एक फोटो: टेकडीच्या धारेवरून हवेत उडालेली मोटारसायकल.

"उडीचा फोटो मिळाला तर माझ्या पुढच्या सिनेमालाही तुम्हीच," दिग्दर्शक म्हणाला होता. डोक्यावरची टोपी तो आंघोळीलाही काढत नसावा, म्हणून सगळे त्याला टोपीसाहेब म्हणत. "आणि नाही मिळाला तर?" हिने विचारलं. टोपीसाहेब नुसता हसला. त्या हसण्यात हिला स्टूल दिसलं, पांढरा पडदा दिसला, आणि पाठीतून एक मुंगी चालत गेली.

आता वाळूचं एक दुखणं आहे, ते समजून घ्या. ती काही विसरत नाही. एकदा कुणाचं पाऊल उमटलं की कॅमेऱ्यात ते दिसणारच. निर्मनुष्य वाळवंटात सत्तावीस जणांच्या चपला चालून गेलेल्या कशा दाखवणार? म्हणून तिथे कायदा एकच: लाल दोरीच्या आतून चालायचं. आणि कायद्याचा राखणदार होता झाडूमामा. साठीचा, काटकुळा, एका हातात लांब झाडू, पाठीवर वारा फेकणारं यंत्र. तो उलटा चालत पावलं पुसायचा आणि प्रत्येकाचा बूट नुसत्या ठशावरून ओळखायचा.

"ये इकडे, फोटोवाल्या बाई. हा कुणाचा पाय?"

"मामा, मला काय माहीत? कोल्ह्याचा असेल."

"कोल्हा सात नंबरचा बूट घालतो होय? टाचेला डाव्या अंगाला झिजलेला?"

"तसले शौकीन असतात म्हणतात इथले."

"पुन्हा दोरीबाहेर दिसलीस ना, तर दावणीला बांधीन बघ!"

पहिल्या दहा दिवसांत तिने दोरी चौदा वेळा ओलांडली. आणि वॉकीटॉकीवर अखंड बोलायची. "कुणी माझी लेन्सची टोपी पाहिली का?" हे ऐन शांत प्रसंगात नायिकेच्या रडण्यावर असं काही वाजलं की नायिका रडता रडता फिस्सकन हसली. त्याच संध्याकाळी तिचा वॉकी काढून घेतला. भिंगरीची जीभ दोन दिवस उपाशी राहिली.

मग आला उडीचा दिवस.

नायिकेच्या जागी उडी मारणारी मुलगी दुसरीच होती. सगळे तिला उडीवाली म्हणत. बोलणं मोजकं, मान सरळ, हात तर असे शांत की त्यांच्यावर पाखरू येऊन बसावं. दुपारी तीन वाजता तिने स्वतः टेकडीच्या पलीकडच्या उतारावर जाऊन उतरायची जागा तुडवून घट्ट करून घेतली आणि दोन्ही बाजूंना वाळूच्या रंगाच्या दोन काठ्या खोचल्या, वीतभर वर दिसतील अशा. त्यांच्या मधे चाक टेकलं पाहिजे. मग झाडूमामाने सगळा उतार पुसून कोरा केला, जणू जग नुकतंच जन्माला आलंय. त्यानंतर तिथे पाय ठेवायचा नाही. उडी एकदाच. चाकं उमटली की टेकडी संपली.

भिंगरीची जागा उताराच्या पायथ्याशी, एका उंचवट्याआड. तिथे तिला पालथं झोपवलं, अंगावर वाळूच्या रंगाची चादर घातली, आणि झाडूमामाने तिच्यापर्यंतची पावलंही पुसून टाकली.

"सूर्य खाली येईपर्यंत इथेच," तो म्हणाला. "दोन तास. जमेल?"

"मामा, मी काय लहान आहे?"

"लहान असतीस तर झोपवली असती."

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग नाक खाजलं, मग गुडघा. मग असं वाटलं की डाव्या बुटात काहीतरी आहे, आणि ते चालतंय. टेकडीमागून वारा सुटला होता. तो टेकडीच्या धारेवरून बारीक वाळू भुरभुर उडवत होता, दातात, पापण्यांत, कॅमेऱ्याच्या प्लॅस्टिकवर सर्र सर्र. शंभरपर्यंत मोजून झालं. सासूबाईंना सांगायच्या गोष्टी मनात जुळवून झाल्या. भांडण झालेल्या नणंदेशी मनातल्या मनात पुन्हा भांडून, यावेळी जिंकूनही झालं. घड्याळात तीन वाजून बावन्न मिनिटं.

अंग हलवायचं नाही, ठीक. पण बोट? बोटाला कुणी मनाई केली होती? तिने रिकाम्या उताराचा एक फोटो काढला. दोन मिनिटांनी आणखी एक. कॅमेरा मुका होता, कुणाला काय कळतंय? तासाभरात तिने त्याच ओसाड उताराचे चाळीस-पन्नास फोटो काढले. त्यात बघण्यासारखं तीळभरही नव्हतं.

पाच वाजायला आले. कार्डात जागा हवी, म्हणून ती शेवटच्या फोटोपासून मागे मागे पुसत निघाली. पुसला. पुसला. पुसला. आणि तिचं बोट थबकलं.

उरलेल्यांतल्या शेवटच्या फोटोत काठ्या नव्हत्याच. तिच्या आधीच्यात वाळूतून दोन टोकं डोकावत होती, काड्यापेटीच्या काडीएवढी. आणखी मागे गेली तर बोटभर. आणखी मागे, वीतभर. मागे जावं तशा काठ्या रोपांसारख्या उगवत होत्या.

तिने मान वर करून बघितलं. उतार जसाच्या तसा, मऊ, सुंदर, कोरा. डोळ्याला काही कळत नव्हतं. वारा वरून वाळू आणून टाकत होता, गिरणीतून पीठ पडावं तशी, आणि उडीवालीने तुडवून घट्ट केलेली जागा त्या पिठाखाली गडप झाली होती.

पलीकडून इंजिनाचा आवाज आला. उडीवाली तयार होती. उन्हाचा रंग पिकला होता, टोपीसाहेबाला हवा होता अगदी तसा.

ओरडून उपयोग नव्हता, वारा उलटा. वॉकी काढून घेतलेला. उरला एकच मार्ग: उठायचं, कोऱ्या वाळूतून पळत कॅमेऱ्यासमोर जायचं. म्हणजे टेकडी संपली, ऊन संपलं, पोस्टर संपलं. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःचाच भरवसा नव्हता. आयुष्यभर तिने उठायला निमित्तं शोधली होती. दूध उतू जातंय, दार वाजलं, पाय झोपला. आता दोन तास लोळल्यावर हिला टेकडीत संकट दिसायला लागलं! हे खरंच दिसतंय, की ढुंगणाला मुंग्या आल्यात म्हणून दिसतंय?

इंजिन चढलं.

"मरू दे," ती म्हणाली आणि उठली.

ती चादर फडकावत बरोब्बर मधून पळाली, टोपीसाहेबाच्या चौकटीच्या काळजातून. गुडघाभर रुतत, एकदा तोंडावर आपटत, बोंबलत. दूरवरून "कट! कट!" ऐकू आलं. इंजिन धारेच्या पलीकडेच गुरगुरत बसलं.

टोपीसाहेब आला. टोपी हातात होती, यावरूनच काय ते समजा.

"दोन तास. बाई, फक्त दोन तास निवांत पडायचं होतं. माझी म्हातारी आजी पडली असती!"

"साहेब, काठ्या गेल्या. आधी वीतभर होत्या, मग बोटभर, मी पुसत होते, म्हणजे फोटो पुसत होते, तर उलट्या उगवायला लागल्या..."

"काय उगवायला लागलं?"

"काठ्या! खाली नुसतं पीठ आहे!"

"यांना पाणी द्या," टोपीसाहेब कुणाला तरी म्हणाला. "आणि सकाळच्या गाडीने घरी पाठवा."

झाडूमामा तिच्या पावलांच्या रांगेकडे बघत होता.

उडीवाली हेल्मेट काखेत धरून आली. तिने हात पुढे केला. भिंगरीने कॅमेरा दिला. उडीवालीने एकेक फोटो पुढे सरकवला, मग मागे, मग पुन्हा पुढे. भिंगरीने निम्मे पुसून टाकले होते, तरी उरले होते तेवढे पुरले. काठ्या बुडत गेल्या. मग ती उतार चढून त्या जागी गेली आणि तिने एक पाय टाकला. मांडीपर्यंत गेला. दुसरा टाकायच्या भानगडीत ती पडली नाही.

"पुढचं चाक इथे बसलं असतं," ती तिथूनच म्हणाली. "आणि मी पुढे गेले असते."

टोपीसाहेबाने टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. "उद्या पलीकडची टेकडी," एवढंच म्हणाला.

"गाडीचं काय?" भिंगरीने विचारलं. गप्प बसणं म्हणून नाहीच.

उत्तर उडीवालीने दिलं. "ही खाली असेल तर मी उडणार. आणि हिचा वॉकी परत द्या. मी पलीकडे असेन, मला काही दिसणार नाही. हिने बोलत राहायचं. काठ्या दिसतायत, दिसतायत, दिसतायत. हिचा आवाज थांबला की मी थांबले."

"म्हणजे सतत बोलायचं?" भिंगरीने खात्री करून घेतली.

"श्वास घेतलास तर चालेल," उडीवाली म्हणाली. तिचा पहिला आणि शेवटचा विनोद.

त्या आनंदात भिंगरीला एक गोष्ट उशिरा उमगली. वॉकीचं बटण दाबून धरायला एक हात लागतो, आणि तिच्या लांबलचक लेन्सला दोन. दोन आणि एक तीन. देवाने हात दिलेत दोन. ती उडीवालीकडे गेली, सांगायला तोंड उघडलं, आणि त्या मुलीच्या पँटवर मांडीपर्यंत चिकटलेली वाळू बघून म्हणाली, "काही नाही. जेवलीस का विचारायला आले."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चादरीखाली पडली. यावेळी कॅमेरा बाजूला, लेन्सवर टोपण.

"दिसतायत. दोन्ही दिसतायत. उजवीवर माशी बसलीय. उडाली. दिसतायत. अजून वीतभर. मामाने पुसलेलं तस्संच आहे, मामाला सांगा छान पुसलंय. दिसतायत, ये तू, दिसतायत, ये..."

इंजिनाच्या गडगडाटात तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. धारेवर आधी वाळूचा फवारा आला, मग चाक, मग अख्खी मोटारसायकल आभाळात, आणि ती इतकी सावकाश वर राहिली की भिंगरीच्या रिकाम्या डाव्या हाताचं बोट वाळूत आपोआप दाबलं गेलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग चाकं काठ्यांच्या मधे टेकली आणि उडीवाली तिच्या बाजूने सुसाट निघून गेली. सिनेमाच्या कॅमेऱ्यात सगळं छान आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिंगरी अजून "दिसतायत" म्हणतच होती.

"फोटो?" टोपीसाहेबाने विचारलं.

"नाही."

त्याने तिच्या हातातल्या वॉकीकडे बघितलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे. "पोस्टर उद्या छापायला जाणार आहे," तो म्हणाला. चिडलाही नाही, आणि हिला तेच जास्त लागलं.

मग काय करणार? नायिकेला आणली, मोटारसायकलवर बसवली. चालवता तिला येत नव्हतीच. मोटारसायकल स्टँडवर, स्टँडखाली फळी. भिंगरी तिच्याभोवती फिरली, पोटावर, पाठीवर, एकदा चाकाखालून. "मामा, वारा सोडा!" झाडूमामाने ज्या यंत्राने जन्मभर वाळू बसवली, त्याच यंत्राने ती उडवली, अगदी दात काढून हसत. नायिका खोकली, चिडली, डोळे बारीक केले, आणि त्याच क्षणी भिंगरीने तिला पकडली. तीनशे बारा फोटो. मग सूर्य गेला.

पोस्टर छापून आलं ते दुकानासमोरच्या भिंतीवरही लागलं. कोपऱ्यात तिचं खरं नाव, बारीक अक्षरात. नवऱ्याने ते चष्मा लावून वाचलं, मग काढून वाचलं. टोपीसाहेबाचा फोनही आला होता. पुढच्या महिन्यात समुद्र, बोटींची शर्यत. तिची बॅग दारात तयार होती, आणि ती बॅगेभोवती फेऱ्या मारत होती.

सासूबाई तिला घेऊन रस्ता ओलांडून पोस्टरसमोर उभ्या राहिल्या. कमरेवर हात ठेवून खूप वेळ बघितलं.

"बाई गं! केवढ्या वेगात चाललीय ही! अंगावर येईल असं वाटतं."

भिंगरीला ती दुसरी आठवली, धारेवर लटकलेली, कुणी फोटो न काढलेली. आणि पोटात काही ठेवायची तिला सवयच नव्हती.

"स्टँडवर आहे ती, सासूबाई. खाली फळी आहे. वाळू मामांनी उडवली."

सासूबाईंनी मान वाकडी करून पुन्हा बघितलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण तू सरक मागे. धक्का लागेल."