कंसातले वय

उमरग्यातून सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो. मी या तालुक्याचा बातमीदार आहे. बाजारभाव, सभा, पाणीटंचाई हे रोजचे काम. अपघात रोज नसतात, पण चुकतही नाहीत. फोन आला की आधी जागेवर आणि मग सरकारी दवाखान्यात जायचे. नाव, कंसात वय, राहणार कुठले, एवढे विचारून घ्यायचे. पुढचे शब्द ठरलेले असतात: यांचा अपघातात मृत्यू झाला.

गेल्या उन्हाळ्यात हे वाक्य जिवंत माणसांनाही लागू होऊ लागले. चहावाल्याने कप पुढे केला की डोक्यात त्याचे नाव यायचे, मग कंस, मग वय. बँकेतल्या रांगेत तेच, लग्नाच्या पंगतीतही तेच. झोप लागेना. सकाळी उठताना हात जड वाटायचे. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो ठीक होता. "डोक्याला आराम द्या, सकाळी फिरत जा," ते म्हणाले. मी फिरू लागलो. रस्त्यावर माणसे जास्त भेटतात, त्यामुळे वाक्येही वाढली.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची शाळा महामार्गाच्या पलीकडच्या गावात असल्याने ती रोज स्कूटीवर रस्ता ओलांडते. एका संध्याकाळी ती शेंगा फोडत बसली होती आणि मी तिच्याकडे पाहत होतो.

"काय बघलालाव असं? जेवायला टाइम हाय अजून."

मी सांगून टाकले. तिचा हात थांबला.

"माझ्यापर्यंत आलंय का ते?"

"आलंय."

"वय किती टाकलं?"

"आहे तेवढंच."

"दोन वर्षं कमी टाकायची की! तेवढंबी जमंना का?" ती हसली. मग पुन्हा शेंगा फोडू लागली. "आन् पुढं काय येतं?"

"पुढचं मी येऊ देत नाही. तिथंच थांबवतो."

"म्हणून ते फिरून फिरून येतंय. पोरं वाक्य अर्धं सोडतात तवा मी त्यांना म्हणते, समोर काय दिसतंय ते बघ आन् लिही. तुमीबी तेच करा."

मी केले. नाव, कंसात वय, रा. उमरगा, या घरी शेंगा फोडत होत्या. काही शेंगा खवट निघाल्या. चहावाला आले ठेचत होता. बँकेतले आजोबा चष्मा शोधत होते आणि तो त्यांच्या खिशातच होता. माणसागणिक वाक्य पुरे करत गेलो. हळूहळू झोप लागू लागली.

बाह्यवळणाजवळ एक माणूस सायकलवर पेरूचे क्रेट बांधून उभा असायचा. त्याचे नाव मला माहीत नव्हते. नावाची जागा मोकळी ठेवून मी अंदाजाने वय टाकायचो आणि लिहायचो, दोरी सैल झाल्याने क्रेट पुन्हा बांधत होते.

पावसाळा संपताना फोन आला. जागेवर गेलो तेव्हा सायकल कडेला उचलून ठेवलेली होती आणि पेरू डांबरावर पसरले होते. दवाखान्यात त्याच्या भावाने नाव सांगितले. वयाचा माझा अंदाज चुकला होता. तो दिसत होता त्यापेक्षा बराच लहान होता. मी ठरलेल्या शब्दांत बातमी पाठवली. दोरीबद्दल त्यात काही नव्हते.

घरी येऊन बायकोला सांगितले. म्हणालो, वाक्य पुरे करून काही होत नाही.

"त्याला न्हाय झालं," ती म्हणाली. "पर तुमाला झोपायला तर पाहिजेच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्कूटी बाहेर काढली. तिचे नाव आले, कंस आला, वय आले. त्यापुढे मला काही सुचेना. पदराने सीट पुसून ती बसली आणि गाडी चालू करून तशीच थांबली. तिने माझ्याकडे वळून पाहिले.

"झालं का?"

"थांब जरा."

"हेल्मेट घातलंय, ते टाका."

मी टाकले. ती गेली. कोपऱ्यापर्यंत स्कूटीचा आवाज वेगळा ऐकू आला, त्यापुढे तो ट्रकांच्या आवाजात मिसळला. शाळेत पोचल्यावर ती फोन करते. तोवर मी दारातच उभा राहतो आणि तिच्याआधी दुसऱ्या कोणाचा फोन येऊ नये, एवढेच मनात म्हणतो.