संपली की फोन करा

मी बारामतीत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि घरच्यांनाही शिकवत सुटायची मला खोड आहे. आबांना ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या मीच सुरू केल्या. कुणा डॉक्टरनं सांगितल्या नव्हत्या.

आबा माझे चुलते. वडील लवकर गेले, तेव्हापासून त्यांनीच मला वाढवलं. पूर्वी ते मेंढरं राखायचे. आता गावी, डाळजला चुलतभाऊ कारली, टोमॅटो करतो आणि आबा कारल्याच्या मांडवाशेजारी खाट टाकून बायकांच्या तोडणीतल्या चुका काढतात. पोटऱ्यांत पेटके येतात, अंगात बळ राहिलं नाही, अशी कुरकुर त्यांनी सुरू केली, तेव्हा मी तेलानं भरलेल्या त्या पिवळ्या गोळ्या घेऊन गेले. सोबत व्याख्यानही दिलं. शरीर आतून गंजतं, आबा. पत्र्याला रंग दिला की गंज धरत नाही ना, तसंच हे.

मेंढराला औषध पाजताना धरायचे तशी आबांनी स्वतःची हनुवटी वर धरली आणि गोळी गिळली. "रोज एक घ्या. संपली की फोन करा, मी घेऊन येते," असं सांगून मी निघाले.

खरं तर भिगवणला औषधाची दुकानं आहेत आणि चुलतभाऊ रोज तिकडं जातो. पण मी आणते म्हणण्यात मला मोठेपणा वाटायचा. शिवाय सोय होती. गोळ्या हातात ठेवल्या, चहा घेतला, की भेट झाली. परतताना उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी अडकली तरी मी खुशीत असायचे, की आपण आबांची किती काळजी घेतो.

फोन सुरुवातीला बऱ्याच दिवसांनी यायचा, मग लवकर लवकर यायला लागला. "सपल्या गं," एवढंच म्हणायचे. पेपर तपासायचे सोडून मी चडफडत जायचे. "आबा, गोळ्या तुम्ही खाताय का कोंबड्यांना घालताय?" असं विचारलं की ते नुसते हसायचे. मीही हसून गाडीला किल्ली लावायचे.

यंदा वर्गात या जीवनसत्त्वाचाच विषय घ्यायचा होता, म्हणून नवं काही वाचायला बसले. संशोधकांनी पुष्कळ चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले, तर या गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचं दिसत नव्हतं. मोठा डोस दीर्घकाळ घेणाऱ्यांत तर काही संशोधकांना मृत्यू किंचित जास्तच आढळले होते. इतरांनी त्यावर शंका घेतली होती, की तपासलेली माणसं बरीचशी आधीच म्हातारी आणि आजारी होती, मग सगळ्यांना हा निष्कर्ष कसा लावायचा? शंका रास्त होती. पण म्हातारा आणि आजारी माणूस माझ्या घरातच होता. पुढं लिहिलं होतं की रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर मोठा डोस घेऊ नये, रक्तस्राव होऊ शकतो. आबांना हृदयासाठी तेच औषध चालू होतं, आणि मला ते ठाऊक होतं.

मी तशीच डाळजला गेले. आबांच्या सदऱ्याची बाही वर केली, तर हातभर काळेनिळे डाग होते.

"वन्सं, आमाला वाटलं खाटंवर आपटत असत्याल," वहिनी म्हणाली.

"आबा, दिवसाला किती गोळ्या घेता?"

"दोन. कवा तीन."

"मी एक सांगितली होती ना?"

"पत्र्याला एक हात कुठं पुरतो? दोन हात दिल्याबिगर रंग बसत न्हाय."

माझंच व्याख्यान माझ्याकडं परत आलं होतं. चूक माझी असली की मला राग येतो, तसा तेव्हाही आला. आबांना नाही नाही ते बोलले. उशीखालच्या पट्ट्या ओढून काढल्या, पर्समध्ये कोंबल्या, आणि गोळी आजपासून बंद म्हणून सांगितलं.

आबा पर्सकडं बघत राहिले. मग हळू म्हणाले, "एक एक खाल्ली तर लई दिस पुरत्यात गं."

"मग पुरू द्यायच्या की."

"पुरल्यावर तू कशाला येतीस?"

वहिनी उठून चहा ठेवायला आत गेली. मला आबांकडं बघवेना. त्यांनी जास्त जगावं म्हणून मी गोळ्या देत होते, आणि मी लवकर यावं म्हणून ते त्या संपवत होते. माझी इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

त्या दिवशी मी तिथंच राहिले. सकाळी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी रक्त तपासलं, गोळी बंदच ठेवा म्हणाले, डाग हळूहळू जातील म्हणाले. आबांना परत खाटेवर बसवलं आणि मी म्हटलं, "रविवारी येते."

"काय आणणार हाईस?"

"काही नाही. नुसतीच येणार."

आबांचा त्यावर विश्वास बसला नसावा. त्यांनी खिशातला मोबाईल चाचपला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "मग आता फोन करून काय सपलंय म्हणून सांगू?"