तीन घरांतला अलंकार

रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं रचणाऱ्या गृहस्थाला गल्लीत सगळे कोडेश्वर म्हणत. दिवसभर गोदामात कारकुनी आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शब्दांशी झटापट. सोप्या सूत्रांचा त्याला मनस्वी तिटकारा. ‘एक फळ, तीन अक्षरं’ असलं काही दिसलं की कुणाचं तरी उष्टं ताट समोर आल्यासारखं तोंड करायचा. मध्यंतरी वाचकांची उत्तरं इतकी रोडावली की संपादक कोडंच बंद करायला निघाले होते. मग एकाएकी पोतं भरून पत्रं यायला लागली. आपण वाचक तयार केले, असं कोडेश्वर भेटेल त्याला ऐकवायचा.

एका आठवड्यात छपाईला देता देता त्यानं एक उत्तर बदललं. ‘अलंकार’ काढून ‘कनक’ घातलं, उरलेलं चौथं घर काळं केलं आणि सूत्र दिलं: ‘उलट वाचा, सुलट वाचा, सोनं ते सोनंच.’ त्यावर स्वारी स्वतःच बेहद्द खूश. घरी ठेवलेल्या उत्तरांच्या कागदावर मात्र बदल करायचा राहून गेला.

पुढच्या शनिवारी वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यानं पोतं उपसलं. पहिल्याच पत्रात ‘अलंकार’. तीन घरांत चार अक्षरं. ‘का’ आणि ‘र’ एकाच घरात कोंबलेले. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. एका महाभागानं तर काळ्या घरावर पांढरा रंग फासून त्यात ‘र’ बसवला होता. कोडेश्वरनं ते पत्र टेबलावर आपटलं. मेल्यांनी सूत्राकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं! आणि ‘अलंकार’ लिहिलेला कागद तर फक्त त्याच्या घरात होता.

तो तणतणत घरी आला. बायको ताटं पुसत होती.

“माझा उत्तरांचा कागद तू बाहेर दिलास?”

“दिला. दर वेळी देते.”

“शी! लाज नाही वाटत? किळस येते मला.”

“पत्रं येईनाशी झाली तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडायचात तुम्ही. जेवायला उठवलं तरी उठत नव्हतात. मला काही तुमची कोडी सुटत नाहीत. मग शेजारणींच्या विनवण्या केल्या, माहेरच्यांना गळ घातली. म्हटलं, बघून लिहा, पण पाठवा.”

“म्हणजे खरं सोडवणारं कुणीच नव्हतं?”

ती पुसलेलंच ताट पुन्हा पुसत राहिली.

त्याला सगळ्यांचीच शिसारी आली. शेजारणींची, सासुरवाडीची, त्या पोत्याची. आता रचणारच नाही, असं तो दोन दिवस म्हणत होता. तिसऱ्या दिवशी टेबलाशी बसला. कोडं झालं तसा उत्तरांचा कागद काढला, एकेक घर पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं आणि बायकोच्या हाताला लागेल असा चहाच्या डब्याखाली सरकवला. स्वतःचीच किळस येत होती, तरी अक्षर त्यानं नेहमीपेक्षा सुवाच्य काढलं होतं.