अक्काने सोडलेली अवरक्काय

अशा जवळ या बघू, आणि ताट घेऊनच या. कडेला काय सारलंय ते? भोपळा? कढीपत्ता टाकतात तसा भोपळा टाकायचा? वय काय तुमचं, आणि भाजी पाहून तोंड कसलं करता! आमची तुळजाअक्का असती तर दुसऱ्यांदा वाढला असता तिने, न विचारता. पण तीच नाही आता. सहा आठवडे झाले...

तुळजाअक्का माझी थोरली नणंद. तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर, तिथेच ती आमच्याबरोबर राहिली. लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर शाळेऐवजी आमच्या स्वयंपाकघराला शिस्त लावली. सकाळी पिशवी घेऊन बाजारात निघाली की भाजीवाली लांबूनच ओरडायची, "टीचरम्मा आल्या, भेंडी झाका!" कारण अक्का प्रत्येक भेंडीचं टोक मोडून पाहणार. घरी तिचा नियम एकच... आधी पान भरून भाजी, मग मूठभर भात. आमच्या ह्यांना साखरेचा आजार निघाला तेव्हा तिने त्यांचा भात अर्धा केला आणि भाजी दुप्पट. हे कुरकुरायचे, "अक्का, मी काय गाय आहे?" ती म्हणायची, "गाय असतास तर दूध तरी दिलं असतंस!" पण औषधाचं मला सांगू नका, तिला भाजी आवडायची म्हणून ती खायची. केळफुलातल्या एकेका कळीतला दांडा काढत तासभर बसायची, चेहऱ्यावर असं सुख की जणू कुणी गाणं म्हणतंय. आणि सगळ्यांत लाडकी अवरक्काय. तुमच्याकडे तिला घेवडा म्हणतात बहुतेक. परसातल्या मांडवावर तिचा वेल आषाढात अक्काच लावायची, धनुर्मासात शेंगा यायच्या. बारीक चिरून, वाफवून, वर ओलं खोबरं... बाकी काही नको तिला.

मग आम्ही तिघं काशी-गयेला गेलो. गयेला पितरांचं करून झालं की एक भाजी, एक फळ आणि एक पान जन्मभरासाठी सोडायचं, अशी आमच्याकडे रीत. आवडीचंच सोडायचं असतं. पण माणसं लबाड हो! ह्यांनी नवलकोल सोडला, जो जन्मात कधी तोंडात घातला नव्हता. मी कारलं सोडलं आणि स्वतःवर खूश झाले. अक्काची पाळी आली, ती क्षणभर थांबली नाही. "अवरक्काय," म्हणाली. मी तिला चिमटा काढला. परतताना गाडीत विचारलं, "अगे, दुसरं काही सुचलं नाही का तुला?" म्हणाली, "नावडतं सोडायला एवढ्या लांब कशाला यायचं?"

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं झाली. वेल मात्र ती दर साली लावत राहिली. शेंगा तोडायची, चिरायची, आम्हाला वाढायची, आणि स्वतः एक दाणा जिभेवर ठेवायची नाही. हे गेले, मुलगा बेंगळुरूला गेला, आम्ही दोघीच उरलो, तरी वेल होताच.

यंदा धनुर्मासात ती अंथरुणाला खिळली. मन भरकटायला लागलं. कधी मला आई म्हणायची, कधी वर्गातल्या पोरींना दटावायची. दोन दिवस तोंडात काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लहान पोरीसारखं म्हणाली, "अवरक्काय कर गे. खोबरं जास्त घाल."

मी दारात उभीच राहिले. गयेची आठवण करून द्यायला हवी होती का? उपाशी, भ्रमिष्ट म्हातारीला? नाही दिली. परसात गेले, कोवळ्या शेंगा तोडल्या, भाजी केली, माझ्या हाताने भरवली. चार घास खाल्ले, काय आवडीने खाल्ले! आणि पाचव्या घासाला तिचे डोळे एकदम निवळले. शाळेतल्या आवाजात म्हणाली, "कसली भाजी गे ही?"

"गवार, अक्का," मी म्हणाले.

डोळे बांधले तरी भाजी ओळखणारी बाई ती. माझ्याकडे पाहत सावकाश चावत राहिली. गिळलं. मग म्हणाली, "पोदुम." पुरे. नंतर काही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गेली.

तिला कळलं होतं का? कळूनही गिळलं असेल, तर मला वाचवायला गिळलं का? आणि कळलं नसेल, तर इतक्या वर्षांचं व्रत माझ्या हाताने, फसवून मोडलं... तेराव्याला भटजींनी विचारलं, "गयेला काय सोडलं होतं त्यांनी? ते पानावर नको." मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली.

तेव्हापासून कढईत मोहरी तडतडली की तिच्या खोलीतून प्रश्न येतो. भास म्हणा, काही म्हणा. वांगं असो, दोडका असो, येतोच... "कसली भाजी गे ही?" मी उंबऱ्यावर उभी राहून खरं सांगून टाकलं, "अवरक्काय होती अक्का, मी खोटं बोलले." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तिने. गया आता माझ्या गुडघ्यांना झेपायची नाही. म्हणून वेलाखालीच उभी राहिले, हातावरून पाणी सोडलं आणि अवरक्काय सोडली. तिचं व्रत मी मोडलं, पुढचं मी पाळीन. तरी ती विचारतेच.

वेल मात्र लगडलाय हो, आणि घरात त्याच्या शेंगा खाणारं कुणी नाही. त्या निबर व्हायच्या आत आमच्या घरी या. मी करून वाढते. तिच्या खोलीकडे तोंड करून बसा, पोटभर जेवा. आणि आतून विचारलं तर तुम्ही मोठ्याने नाव सांगा. माझ्या तोंडचं तिला आता खरं वाटत नाही. लवकर या.