पांढरीची माती आणि दाजी

फोन आला तेव्हा मी विसरवाडीत दुकानाचं शटर वर करत होतो. हायवेवर सुरतेकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती आणि त्या आवाजात भाच्याचं बोलणं धड ऐकू येईना. “मामा, आप्पा गयात... सकायले पाच वाजता.” अर्ध्यावर आलेलं शटर तसंच खाली ओढलं, कुलूप लावलं आणि नंदुरबारची गाडी पकडली. वाटेत उजव्या हाताला शेतांमधून ती काळ्या दगडाची लांबच लांब भिंत दिसू लागली आणि तेव्हा कुठे मला रडू आलं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने काही न विचारता खिडकीकडची जागा मला दिली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान; भाच्याचे आप्पा. लोणखेड्याला शाळेत भूगोल शिकवायचे आणि प्रकाशाजवळच्या आपल्या गावी शेती करायचे. अंगाने काटक, डोक्यावर पांढरा रुमाल, खिशात कायम एक भिंग. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ जातो, त्याला मुऱ्हायी म्हणतात. तीस वर्षं मी अक्काचा मुऱ्हायी होतो. आखाजीच्या आदल्या दिवशी तिला घेऊन यायचं आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दाजींच्या मोटरसायकलवर मागे बसायचं, असा माझा शिरस्ता. बायको आठ दिवस माहेरी, शाळेला सुट्टी, शेत नांगरून मोकळं... दाजींच्या हिशोबाने दगड बघायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. वैशाखातलं ऊन असं, की कुत्रंसुद्धा गटारातून उठत नाही, आणि आमचे दाजी म्हणणार, “प्रमोद, उन्हात दगड खरं बोलतो.” दगड काय बोलायचा तो बोलो, माझं टाळकं मात्र दर वर्षी तापायचं.

अक्का या फिरण्याला हसायची. “काय देखाले जातस तुम्ही? ती भिंत काय पयी जाई ऱ्हायनी का?” दाजी तिला दर वर्षी एकदा म्हणायचे, “तू बी चाल.” ती दर वर्षी म्हणायची, “माले माहेरपन सोडीसन दगडं नही देखना.” माहेरी झोके होते, मैत्रिणी होत्या, आमरस होता. तिचं म्हणणं आम्हाला रास्तच वाटायचं.

त्या भिंतींविषयी सांगायलाच हवं. नंदुरबारकडून विसरवाडीकडे येताना सपाट शिवारातून मधेच काळ्या दगडाचे बांध उठतात. सरळ रेषेत, कोसभर, कुठे दोन पुरुष उंच. जवळ गेलं की आडवे दगड एकावर एक रचलेले दिसतात, परसात सरपण रचतो तसे. लहानपणी आम्हाला सांगितलं होतं, या भिंती पांडवांनी एका रात्रीत बांधल्या. दाजी पांडवांना नाही म्हणायचे नाहीत. फक्त पुढे म्हणायचे, “पांडवांच्या आधी जमीन फाटली होती. त्या फटीत खालून तापलेला रस आला आणि तिथेच गोठला. मग आजूबाजूची जमीन झिजून खाली गेली आणि हा उरला.” एकदा भिंतीच्या सावलीत बसलो असताना डोंगराकडची एक बाई शेळ्या घेऊन आली. तिने आम्हाला भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी दिलं आणि तिच्या बोलीत विचारलं, काय हरवलंय का तुमचं? दाजींनी तिलाही सगळं समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, शेळ्यांना मात्र ही सावली चांगली. दाजी हे वाक्य पुढे कित्येक वर्षं वर्गात सांगत.

आता जी गोष्ट मला लिहायची आहे, ती मी तीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. तापीच्या काठाने जुन्या वस्त्यांची टेकाडं आहेत. त्यांना आम्ही पांढरी म्हणतो. तिथली माती राखेसारखी भुरकट आणि भुसभुशीत असते. हजारो वर्षं माणसं तिथे राहिली, त्यांच्या चुली, त्यांचा कचरा, त्यांची जनावरं, सगळं त्या मातीत मुरलेलं. ही माती शेतात टाकली की वांगी आणि मिरची अशी धरतात, की शेणखताने काय धरतील. आमच्याकडे बापजाद्यांपासून लोक ती खणून नेत आले. चूक आहे असं कुणाच्या मनातही नसे. अक्काचं लग्न झालं त्याच वर्षी, पावसाळ्याआधी, दाजींच्या शेतातही पांढरी पडली. त्यांच्याकडे तेव्हा फक्त बैलजोडी होती, ट्रॅक्टर आमचा होता. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि नवा ट्रॅक्टर हातात मिळाला होता. चार दिवस टेकाडाचा कडा उकरून मी ट्रॉल्या भरभरून वाहिल्या. मधेच रंगीत नक्षीची खापरं निघायची. ती मी चाकाखाली घालायचो, कारण ती कडकन फुटायची आणि मला मजा वाटायची.

चार-पाच वर्षांनी एक संशोधक आमच्या भागात आले. मोठी टोपी, गळ्यात कॅमेरा. दाजींच्या शेतात लाल-काळी खापरं पाहून ते हरखूनच गेले. इथे कुणालाही माहीत नसलेलं एक प्राचीन गाव आहे, अशी त्यांची खात्री झाली. दोन दिवस दोऱ्या बांधून शेत मोजलं, वहीत नकाशा काढला. गावात बातमी पसरली, दाजींना लोक रस्त्यात थांबवून विचारू लागले. दाजी तेव्हा तरुण मास्तर होते. गप्प बसले असते तर त्यांच्या शेताचं नाव पुस्तकात गेलं असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बांधावर आले, मी बाजूलाच उभा होतो. म्हणाले, “साहेब, हे इथलं नाही. तिकडच्या टेकाडावरून आलंय. मी आणलं, ट्रॉलीत भरून.”

साहेबांचा चेहरा असा पडला, की मला अजून आठवतो. त्यांनी वही मिटली. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “मास्तर, ते टेकाडात थरावर थर होतं तोवर वाचता येत होतं. आता हे नुसते तुकडे.” दाजी मान खाली घालून उभे होते. ‘मी आणलं’ असं ते म्हणाले तेव्हा मी पुढे होऊन ‘ट्रॅक्टर माझा होता’ म्हणायला हवं होतं. मी चपलेने ढेकूळ फोडत राहिलो.

त्यानंतर दाजींनी आमच्या फिरण्याची सुरुवातच बदलली. हळूहळू त्यांचे विद्यार्थीही येऊ लागले, दहा-बारा मोटरसायकली जमायच्या. भिंती, तोरणमाळचे कडे, प्रकाशाचा घाट, जे काही पाहायचं ते नंतर. पहिला मुक्काम स्वतःचं शेत. तिथे उभं राहून ते पोरांना एक खापर दाखवायचे आणि सांगायचे, “हे तीन हजार वर्षं जागेवर होतं. मी चार दिवसांत विस्कटलं. तुमच्या घरचं कुणी पांढरी आणायला निघालं तर त्यांना माझं नाव सांगा.” दर वर्षी हेच, एकही शब्द इकडे-तिकडे नाही. आणि मी मागे उभा राहून बाटलीतलं पाणी पीत असे. एकदा परतताना मी म्हटलं, दाजी, माझंही नाव घेत जा की. ते हसले. “तू ट्रॅक्टर चालवला. शेत माझं होतं.” मला बरं वाटलं, हे कबूल करतो. सुटल्यासारखं वाटलं. आज त्या बरं वाटण्याची लाज वाटते.

शेवटचे भेटलो ते फाल्गुनात. मूत्रपिंडाच्या दुखण्याने पार वाळले होते. खाटेवर पडूनच त्यांनी विचारलं, “औंदा आखाजी कव्हय शे?” मी तारीख सांगितली. बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाले, “नही जमाव.” मग म्हणाले, “पोरं येतीन. त्यासले माघारी नको धाडजो.” मी हो म्हटलं. पोरांपुढे काय बोलायचं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

यंदा मी मुऱ्हायी म्हणून गेलो, पण अक्का माहेरी आली नाही. ज्या घरातलं माणूस वर्षात गेलं असेल तिथे आखाजीला त्याच्या नावाची घागर भरतात. अक्काने नवी घागर भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, आमरसाची वाटी ठेवली. मी तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मोटरसायकलींचे आवाज आले. तेरा जणं होती. कुणी नोकरीला लागलेलं, कुणी अजून कॉलेजात, दोन मुली नवापूरकडच्या. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं आणि कुणी येऊ नका असंही कळवलं नव्हतं. सगळे शेताच्या बांधावर येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले. अक्काही मागून आली, डोक्यावरचा पदर सारखा करत. तीस वर्षांत ती या दिवशी इथे पहिल्यांदा उभी होती.

मी एक खापर उचललं. म्हणालो, “सर सांगायचे की त्यांनी हे आणलं. आणलं मी. ट्रॅक्टर माझा होता, चार दिवस मीच उकरलं. खापरं चाकाखाली घालून फोडलीसुद्धा. साहेब आले तेव्हा मी इथेच उभा होतो आणि गप्प बसलो.” नवापूरच्या एका मुलीने हळूच विचारलं, “मग सर एकटेच स्वतःचं नाव का घ्यायचे?”

अक्का पुढे आली.

“मीच सांगं व्हतं त्यासले,” ती म्हणाली. “नवी नवरी व्हतू. आमनाकडे वांगासले पांढरी टाकतस, तुम्ही बी टाका, मन्हा भाऊले ट्रॅक्टर लईसन बलावा... त्यासना मनमा बी नही व्हतं. मन्हा शब्दवर त्यास्नी करं.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मला कुणी बोलावलं होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ट्रॅक्टर चालवायला मिळाला, एवढंच माझ्या लक्षात होतं.

“म्हनीसनच मी येत नही व्हतू,” ती पुढे म्हणाली. आता ती पोरांशी बोलत नव्हती. “ते आठे उभा ऱ्हाईसन मी करं, मी करं म्हनतीन, अन् मी ते कसं ऐकू? माहेरनं निमित्त चांगलं व्हतं. तीस वरीसमा घरमा एक दिन बी माले म्हनेत नहीत, का तुन्ही सांगं व्हतं म्हनीसन. एक दिन बी नही रे, भाऊ.”

ती तिथेच ढेकळांत बसली आणि मोठ्याने रडली. दाजी गेले त्या दिवशी ती अशी रडली नव्हती. दोघी मुली तिच्याजवळ जाऊन बसल्या. ऊन चढू लागलं होतं.

बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं. पोरं मोटरसायकलींजवळ घुटमळत होती, निघावं की परत जावं ते त्यांना कळत नव्हतं. अक्का उठली, लुगड्याची माती झटकली आणि दाजींच्या मोटरसायकलकडे गेली. किल्ली तिच्या कमरेलाच होती. माझ्या हातात देत म्हणाली, “चाल. माले भिंत दखाड.”

मी गाडी चालू केली. ती मागे बसली, एका बाजूला पाय सोडून, माझा खांदा घट्ट धरून. प्रकाशाचा पूल ओलांडला. नंदुरबार मागे पडलं, काळे दगड दूरवर दिसू लागले, तशी ती कानाशी वाकून मला एकेक विचारू लागली. हाई कोनी बांधं? भिंत काया रंगनी कशी? आखो कितली लांब शे? मला जेवढं आठवत होतं तेवढं मी सांगत गेलो. जिथे अडलो, तिथे ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे. पुढला वरीसले मी पोरासले इचारसू.”